मारका बैल, बंदूक आणि देवळाच्या दारावरची पाटी

तुमचा प्रश्न बराच पसरलेला आहे, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडते. चुकलं असेल तर सांगा. डॅलसजवळच्या तुमच्या गावात सर्वधर्मीय बैठक झाली. कॅथलिक फादर म्हणाले की बंदुकांवर निर्बंध हवेत. बॅप्टिस्ट पास्टर म्हणाले की लोखंडाला पाप लागत नाही, पाप माणसाच्या मनात असतं, वस्तूला बोल लावून काय मिळणार? त्यावरून तुमच्या देवळाच्या समितीत 'आत बंदूक आणू नये' अशी पाटी लावायची का, हा वाद पेटला. त्यात एका काकांनी मुद्दा काढला की आपण दसऱ्याला शस्त्रं पुजतो, मग शस्त्राला दारात अडवायचं कोणत्या तोंडानं? तुम्हाला हवंय ते असं: कायदा वस्तूला दोषी धरतो का, धर्मगुरूंच्या बोलण्याला कायद्यात वजन असतं का, आणि पाटीचं काय करायचं.

मी पुण्यात कायदा शिकले आणि गेली बावीस वर्षं टेक्सासमध्ये वकिली करते. निम्मं काम पोलिसांनी जप्त केलेली मालमत्ता सोडवण्याचं आणि निम्मं अपघात-नुकसानभरपाईचं. त्यामुळे वस्तूंवरचे खटले मी रोज बघते, आणि वस्तूंमुळे उद्ध्वस्त झालेली माणसंही. इथे जे लिहिते आहे ते टेक्सासपुरतं. तुमचा भाऊ न्यू जर्सीत असेल तर त्याच्यासाठी निम्मं उत्तर बदलेल. देवळाची जागा स्वतःची की भाड्याची, शाळेच्या आवारात की बाहेर, यानंही फरक पडतो. मी तुमची वकील नाही, हेही ध्यानात असू द्या.

मूल धडपडून पडलं की आजी जमिनीला चापट मारते. 'हात् रे जमीन, माझ्या बाळाला लागलं!' मूल हसतं आणि विषय संपतो. पास्टरांच्या मते बंदुकीवर निर्बंध मागणारे लोक हेच करताहेत. हा आरोप पोकळ नाही, कारण माणसांच्या कायद्यानं शेकडो वर्षं खरोखर जमिनीला चापट मारली आहे. प्राचीन अथेन्समध्ये एखाद्याच्या अंगावर दगड किंवा लाकूड पडून तो मेला, तर त्या वस्तूवर प्रायटॅनिअम नावाच्या नगर-कचेरीत रीतसर खटला चाले आणि तिला हद्दपार करत. रशियात उग्लिच गावी १५९१ मध्ये राजपुत्र दिमित्रीच्या मृत्यूनंतर चर्चची घंटा वाजली आणि दंगल झाली. शिक्षा घंटेलाही झाली. तिची जीभ काढली आणि तिला सैबेरियात तोबोल्स्कला पाठवलं. ती परत आली १८९२ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा भोगून.

इंग्लंडचा मामला अधिक व्यवहारी होता. तिथे माणसाच्या मृत्यूला कारण ठरलेली वस्तू 'डिओडँड' म्हणजे 'देवाला द्यायची' समजली जाई. घोडा, गाडी, चाक, काहीही. ज्यूरी तिची किंमत ठरवायची आणि मालकानं ती राजाकडे भरायची. राजानं ती धर्मकार्याला लावावी अशी अपेक्षा. प्रत्यक्षात देवाच्या नावानं गोळा झालेला पैसा कुठे जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. आगगाड्या आल्या तेव्हा हे प्रकरण अंगाशी आलं. १८४१ मध्ये सॉनिंगजवळ ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अपघात झाला, त्यात साधे मजूर मेले आणि ज्यूरीनं गाडीवर सुमारे हजार पौंडांचा डिओडँड लावला. रेल्वे कंपन्या हबकल्या. १८४६ मध्ये पार्लमेंटनं डिओडँड रद्द केला, पण त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला दोषी माणसाकडून भरपाई मागता येईल असा वेगळा कायदाही केला. त्याच धर्तीवर १८५५ चा 'फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट' हिंदुस्थानात आला. पुण्यात शिकताना मी तो पाठ केला होता. मागे इंजिनाला दंड करायची कल्पना होती हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे वस्तूला दोष देणं १८४६ साली संपलं? तसं म्हणता येणार नाही. अमेरिकेत ते माझं पोट भरतं.

इथे जप्तीचा दावा माणसावर नसतो, वस्तूवर असतो. 'टेक्सास राज्य विरुद्ध एक २००४ लिंकन नॅव्हिगेटर' हे खटल्याचं खरं नाव आहे. फेडरल न्यायालयात तर 'अमेरिका विरुद्ध सुमारे ६४,६९५ पौंड शार्कचे पर' असाही खटला होऊन गेलाय. पहिल्यांदा असं शीर्षक वाचलं तेव्हा मला वाटलं कारकुनाची चूक आहे. चूक नव्हती. गाडीला वकील नसतो, म्हणून मालकानं ठराविक मुदतीत हजर होऊन सांगायचं की गाडी माझी आहे आणि तिचा गैरवापर मला ठाऊक नव्हता. टेक्सासमध्ये हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावरच आहे. माझ्याकडे एक विधवा बाई आल्या होत्या. त्यांची पिकअप भाच्यानं नेली, त्यात मादक पदार्थ सापडले आणि पिकअप जप्त झाली. भाच्याला वकील मिळाला, पिकअपला मी. सोडवायला अकरा महिने लागले. तोवर बाई दुसऱ्याच्या गाडीतून कामावर जात होत्या.

आता बंदुकीकडे येऊ. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक खटला आला, 'अमेरिका विरुद्ध ८९ बंदुकांचा एक संच'. विनापरवाना बंदुकांचा व्यापार केल्याच्या फौजदारी आरोपातून मालक निर्दोष सुटला होता. सरकारनं मग बंदुकांवरच दावा लावला. न्यायालय एकमतानं म्हणालं, चालेल. माणूस सुटला म्हणून जप्तीचा दावा आपोआप पडत नाही. माणूस सुटला आणि बंदुका अडकल्या. 'लोखंडाला दोष नसतो' म्हणणाऱ्या पास्टरांनी हा खटला जरूर वाचावा. आणि फादरांनी वाचावा १९७४ चा. त्यात भाड्यानं दिलेल्या बोटीवर भाडेकरूनं गांजा आणला आणि निर्दोष मालक कंपनीची बोट गेली. धर्म आणि राज्य वेगळे ठेवणाऱ्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालात या प्रथेचं मूळ शोधत थेट डिओडँड आणि बायबलमधल्या बैलापर्यंत मजल मारली.

तो बैल तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात, २८व्या वचनापासून तो येतो. बैलानं कुणाला शिंग मारून ठार केलं तर बैलाला दगडांनी मारावं, त्याचं मांस खाऊ नये, मालक मात्र निर्दोष. पास्टर इथपर्यंतचं वाचतात. पुढचंच वचन फादरांचं आहे: बैल आधीपासून मारका असेल, मालकाला ताकीद दिलेली असेल आणि तरी त्यानं त्याला आवरलं नसेल, तर बैलाबरोबर मालकही जबाबदार, आणि तोही थेट जिवानिशी; खंडणी भरली तरच सुटका. ज्यू धर्मपंडितांनी याचा कीस पाडला. साधा बैल आणि ताकीद झालेला बैल असे दोन प्रकार केले. साध्यानं नुकसान केलं तर अर्धी भरपाई, तीनदा शिंग मारून ताकीद झालेल्यानं केलं तर पूर्ण.

आमच्या मिरजेकडे मारक्या बैलाच्या गळ्यात लोढणं बांधायचे. चालताना ते पुढच्या पायांवर आपटतं, त्यामुळे त्याला धावून जाता येत नाही. लोढणं म्हणजे बैलाला शिक्षा नव्हे, आणि बैल पापी आहे असं म्हणणंही नव्हे. बैल मारका आहे हे गावाला ठाऊक आहे आणि मालकानं ते मान्य केलंय, एवढाच त्याचा अर्थ. बंदुकीच्या वादात दोन्ही बाजू बैल पापी की निष्पाप यावर भांडत बसतात. न्यायालयात माझ्यासमोर जेव्हा प्रेत असतं (म्हणजे कागदावर) तेव्हा मी एवढंच विचारते: हा मारका आहे हे कुणाला ठाऊक होतं, आणि दावं कुणाच्या हातात होतं?

याची दोन उदाहरणं देते. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ ला पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना मारलं. वडिलांनी त्याच्यासाठी पिस्तूल चारच दिवस आधी घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी शाळेनं आईवडिलांना बोलावून गणिताच्या कागदावर त्यानं काढलेलं रक्तपाताचं चित्र दाखवलं होतं. ते त्याला घरी घेऊन गेले नाहीत. २०२४ मध्ये दोन वेगळ्या ज्यूरींनी दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं आणि प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षं शिक्षा झाली. मुलानं शाळेत गोळीबार केला म्हणून आईवडील अशा गुन्ह्यात दोषी ठरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. पिस्तूल पापी की निष्पाप यावर कुणी चर्चा केली नाही. चर्चा झाली ती ताकिदीची.

दुसरं आपल्या राज्यातलं. सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये ५ नोव्हेंबर २०१७ ला सव्वीस जीव गेले. मारेकऱ्याला हवाई दलात असताना घरातल्या मारहाणीसाठी शिक्षा झाली होती, त्यामुळे त्याला बंदूक विकत घ्यायची कायद्यानं मनाई होती. पण हवाई दलानं ती नोंद एफबीआयला कळवलीच नाही. दुकानदारानं तपासणी केली, यंत्रणेनं हिरवा कंदील दिला. कुटुंबांनी दुकानावर दावा लावला, तो टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं थांबवला. सरकारवर लावला, तिथे २०२१ मध्ये न्यायाधीशांनी ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली, आणि २०२३ मध्ये सरकारनं १४ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड केली. मारकेपणाची नोंद ज्याच्या वहीत होती त्यानं वही उघडलीच नाही.

दुकानावरचा दावा का थांबला, तर २००५ चा एक फेडरल कायदा आहे. ग्राहकानं बंदुकीचा गुन्ह्यासाठी वापर केला म्हणून बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर दावा लावता येत नाही, असा. 'दारुड्यानं गाडी ठोकली तर आपण कारखान्यावर दावा लावतो का?' हा पास्टरांचा प्रश्न तिथूनच आलाय आणि तो बरोबर आहे. फरक असा की मोटार कंपन्यांना असा खास कायदा लागला नाही. त्या नेहमीच्या नियमांवर लढतात. बंदूक कंपन्यांना दावा दारातच अडवणारं कवच मिळालं. माझ्या मते ते गरजेपेक्षा जाड आहे, पण अभेद्य नाही. बंदूक सदोष असेल किंवा विक्री-जाहिरातीचा कायदा जाणूनबुजून मोडला असेल तर दावा चालतो. कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत १४ डिसेंबर २०१२ ला वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. त्यांतल्या काही कुटुंबांनी रेमिंग्टन या बंदूक कंपनीच्या जाहिरातींवर बोट ठेवलं, कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दाव्याला वाट दिली आणि २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. उलट मेक्सिको सरकारचा अमेरिकी कंपन्यांवरचा दावा जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं फेटाळला. टोळ्यांकडे बंदुका जातात हे ढोबळपणे ठाऊक असणं वेगळं आणि कोणत्या विक्रेत्याच्या कोणत्या गुन्ह्यात कंपनीनं साथ दिली हे दाखवणं वेगळं. इथेही ताकीदच, फक्त जास्त नेमकी मागितली.

धर्मगुरूंचं सांगायचं तर ते एका सुरात कधी बोललेच नाहीत. टेक्सासमध्येच युवाल्डीच्या शाळेत मे २०२२ मध्ये एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर शिकागोचे कार्डिनल क्युपिच म्हणाले होते की दुसरी घटनादुरुस्ती (बंदूक बाळगण्याच्या हक्काची) काही सिनाय पर्वतावरून (देवानं मोशेला आज्ञा दिल्या तिथून) खाली आलेली नाही. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये लिबर्टी विद्यापीठाचे अध्यक्ष जेरी फॉलवेल ज्युनियर यांनी विद्यार्थ्यांना परवाने काढून बंदूक बाळगायला सांगितलं होतं. ते धर्मोपदेशक नव्हते, वकील होते, पण विद्यापीठ ख्रिस्ती आणि श्रोते भाविक. मेनोनाइट या अहिंसावादी ख्रिस्ती पंथातली काही मंडळी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं 'तलवारींचे फाळ करतील' हे वचन शब्दशः घेऊन बंदुका भट्टीत घालतात आणि खुरपी-कुदळी बनवतात. आणि न्यू यॉर्कनं २०२२ मध्ये प्रार्थनास्थळांत बंदूक बाळगायला बंदी केली तेव्हा तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले ते पास्टरच. पुढच्या वर्षी त्या राज्यानं प्रार्थनास्थळाची सुरक्षा बघणाऱ्यांना सूट दिली. एकाच ग्रंथात 'झगा विकून तलवार घे' आहे आणि 'तलवार धरणारे तलवारीनं मरतील' हेही आहे. न्यायाधीशासमोर यातलं कुठलंच वचन पुरावा नाही. प्रवचनाला कायद्यात वजन नाही, मतदारावर असतं.

आता पाटी. पहिला गैरसमज असा की पाटी लावली तर लोकांचा घटनात्मक हक्क हिरावला जातो. दुसरी घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालानं घरात बंदूक ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मानला, २०२२ च्या ब्रूएन निकालानं तो घराबाहेर नेला, पण दोन्ही खटले सरकारविरुद्ध होते. देऊळ खाजगी जागा आहे. चपला बाहेर काढा म्हणता तसं बंदूक बाहेर ठेवा म्हणू शकता. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१९ पासून कायद्यानं स्पष्टच केलंय की प्रार्थनास्थळानं मनाई कळवली नसेल तर परवानाधारक बंदूक घेऊन येऊ शकतो. आणि सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. म्हणजे पाटी न लावणं हाही निर्णयच आहे. समितीला वाटतं आपण अजून काही ठरवलं नाही, पण गप्प राहून तुम्ही ठरवलेलं आहे.

काकांच्या दसऱ्याचं म्हणाल तर खंडेनवमीला आपण शिवणयंत्र, मोटार, लॅपटॉप सगळ्यांना हळदकुंकू वाहतो, म्हणून मोटार गाभाऱ्यात नेत नाही. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यांतही दसऱ्याला बंदुकांची पूजा होते, आणि पूजा संपली की त्या मोजून, सही घेऊन शस्त्रागारात जातात. पूजा आणि लोढणं एकाच दिवशी. काकांना दुखवू नका, पण हे जरूर सांगा.

पाटी लावावीच असं मी म्हणणार नाही. तुमची शंका रास्त आहे की मारेकरी पाटी वाचून परत जात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये टेक्सासमधल्याच व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चमध्ये हल्लेखोराला सहा सेकंदांत पाडलं ते स्वयंसेवकानं, पण तेवढ्यात दोन जीव गेले होते. तो स्वयंसेवक बंदूक चालवायला शिकवणारा माणूस होता. तुमच्या समितीत तसा कुणी आहे का? पंधरा दिवसांपूर्वी पिस्तूल घेतलेला आयटीवाला चालणार नाही. बिनपगारी स्वयंसेवक ठेवायला टेक्सासमध्ये सुरक्षा-परवाना लागत नाही, पण त्यानं पगार घ्यायचा नाही आणि 'सिक्युरिटी' लिहिलेलं जाकीट घालायचं नाही.

मला तुमच्या देवळात मारेकऱ्यापेक्षा दुसरीच भीती वाटते. महाप्रसादाच्या रांगेत कुणाची तरी पर्स चपलांच्या कपाटाशी राहते, पर्समध्ये पिस्तूल असतं आणि पाच वर्षांचं पोर खाऊ शोधत तिची चेन उघडतं. माझ्याकडे गोळी लागलेल्या मुलांच्या ज्या मोजक्या फाइली आल्या, त्यांत एकही हल्लेखोर नव्हता. सगळ्या उशाखालच्या, टेबलाच्या खणातल्या, गाडीच्या सीटखालच्या. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीनं ठेवणं हा गुन्हा आहे. मुलानं ती उडवली आणि कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर गुन्ह्याची पायरी चढते. समितीला हा धोका आधीच दाखवून दिलेला असेल आणि इतिवृत्तात त्याची नोंद असेल, तर उद्या माझ्यासारखी वकील ते पान न्यायालयात वाचून दाखवेल. तुम्ही प्रश्न विचारलात त्या क्षणी तुमचा बैल ताकीद झालेला आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोनपैकी एक ठराव करा आणि कारणासह लिहा. बंदी हवी असेल तर टेक्सासच्या दंडसंहितेची तीन कलमं बघा: ३०.०५ विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०६ परवानाधारकाच्या झाकलेल्या बंदुकीसाठी, ३०.०७ उघड्यासाठी. अक्षरं किमान एक इंच उंचीची, उठून दिसणाऱ्या रंगात, प्रत्येक दारावर. पाटी डावलणाऱ्याला दंड लहान आहे, पण तोंडी सांगूनही तो बाहेर गेला नाही तर गुन्हा मोठा होतो, म्हणून कोण सांगणार हेही ठरवून ठेवा. बंदी नको असेल तर निदान पर्स-बॅगांसाठी कुलपाची कपाटं आणा.

आणि पाटीचा मजकूर स्वतः लिहू नका. कायद्यानं शब्द ठरवून दिलेत, आणि ते इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत हवेत. माझ्या ओळखीच्या एका देवळानं इंग्रजी, हिंदी आणि तेलुगूत फार सुरेख पाटी करून घेतली होती, कडेला कमळंही होती. परवानाधारकाच्या बाबतीत कायद्याच्या लेखी तिथे पाटीच नव्हती.